चौथ्या सिलिंडरचे चार टक्के

काही गाड्यांच्या ईसीयूची, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाची, कंपनीची फाइल उघडली की त्यात एक तक्ता सापडतो आणि पहिल्यांदा पाहणारा चक्रावतो. चार सिलिंडर, चार सारखे पिस्टन, एकाच भाग-क्रमांकाचे चार इंजेक्टर, तरी इंधन सारखं नाही. पहिल्याला तीन टक्के कमी, दुसऱ्याला एक टक्का कमी, तिसऱ्याला जेवढ्यास तेवढं, चौथ्याला चार टक्के जास्त. कंपनीने हा दुजाभाव का ठेवला, असा प्रश्न पडतो. तो पडला की बरेच ट्यूनर, म्हणजे ही फाइल बदलून इंजिन नव्याने जुळवणारे, सगळे आकडे शून्य करतात आणि पुढे जातात. कंपनीची चूक सुधारल्यासारखं वाटतं.

हा रिवाज थांबला पाहिजे असं मला फार मनापासून वाटतं, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे. ते प्रातिनिधिक आहे. अशा इंजिनांत जे घडतं ते एका गाडीच्या रूपात मांडलं आहे, आणि हिशेब नजरेसमोर राहावा म्हणून आकडे सोपे ठेवले आहेत.

गाडी आणि तक्रार

दोन लिटरचं, एका ओळीत चार सिलिंडर असलेलं पेट्रोल टर्बो इंजिन. इंजेक्टर इनटेक पोर्टमध्ये, प्रत्येक आपल्या पाळीला फवारणारा. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२. इनटेक प्लेनमला, म्हणजे जिथून हवा चौघांना वाटली जाते त्या पेटीला, थ्रॉटल एका टोकाला, पहिल्या सिलिंडरच्या बाजूने. मूळचा आखूड, ओतीव एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काढून समान लांबीच्या नळ्यांचा बसवलेला, बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) थोडा वाढवलेला आणि त्यानुसार मॅपिंग, म्हणजे ईसीयूमधले इंधन-इग्निशनचे आकडे, नव्याने केलेलं. त्यातच वरचा तक्ता शून्य केलेला. इनटेक, इंजेक्टर, कॅमशाफ्ट, फ्युएल रेल सगळं कंपनीचंच.

पूर्ण रेसमध्ये ५५०० आरपीएमच्या वर गाडी हात आखडता घेते, ही मालकांची तक्रार. स्कॅनरवर एकही कोड नाही. मिसिंग नाही, आयडलिंग सुरळीत. लॉग काढल्यावर मात्र एक गोष्ट ठळक दिसली. नॉक कंट्रोल, म्हणजे मिश्रण अवेळी आपोआप भडकलं (नॉक किंवा डेटोनेशन) की ठिणगी उशिरा पाडणारी यंत्रणा, चौथ्या सिलिंडरचं इग्निशन चार अंशांपर्यंत मागे ओढत होतं आणि बाकीच्या तिघांना जवळपास हात लावत नव्हतं. प्लग काढले तर चौथ्याच्या पांढऱ्या इन्सुलेटरवर बारीक चकाकणारे ठिपके होते. हे ठिपके पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे असतात, डेटोनेशनने पृष्ठभाग झिजल्याची ती खूण. ते दिसले की पूर्ण रेस देणं तिथेच बंद करायचं, कारण पुढची पायरी रिंगांच्या मधली भिंत तुटण्याची असते.

मॅपिंग करणाऱ्या ट्यूनरचं म्हणणं असं की मिश्रण बरोबर आहे, खराब पेट्रोल भरलं गेलं असेल. त्यांच्याकडे पुरावाही होता. टर्बोनंतरच्या एक्झॉस्ट नळीत, डाउनपाइपमध्ये, लावलेला वाइडबँड सेन्सर (एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून मिश्रण मोजणारा) पूर्ण लोडला लॅम्डा, म्हणजे हवा-इंधनाच्या प्रमाणाचा आकडा, ०.८० दाखवत होता, आधीही आणि तक्ता शून्य केल्यानंतरही. टर्बो पेट्रोल इंजिनाला पूर्ण बूस्टवर हा आकडा अगदी रास्त. सेन्सर खरा होता, वाचनही खरं होतं. त्यामुळेच हे प्रकरण इतकं फसवं झालं.

एकटा सेन्सर का गप्प बसला

लॅम्डा १ म्हणजे पेट्रोलच्या एका भागाला वजनाने साधारण १४.७ भाग हवा. ०.८० म्हणजे साधारण ११.८ भाग, म्हणजे मिश्रण रिच, इंधन जास्त; हवा जास्त असेल तर ते लीन. आता वरचा तक्ता पुन्हा पाहा: उणे तीन, उणे एक, शून्य, अधिक चार. बेरीज शून्य येते. हे योगायोगाने होत नाही. एकूण इंधनाला धक्का न लावता ते आतल्या आत वाटून देण्यासाठी केलेला तक्ता असाच बेरजेला शून्याजवळ येतो.

समजा वरच्या आरपीएमला चौथ्या सिलिंडरला खरोखरच सरासरीपेक्षा चार टक्के जास्त हवा मिळते आणि पहिल्याला तीन टक्के कमी. इंधन चौघांना सारखं दिलं तर चौथ्याचा लॅम्डा ०.८० गुणिले १.०४, म्हणजे ०.८३२ होतो. पहिल्याचा ०.७७६, दुसऱ्याचा ०.७९२, तिसऱ्याचा ०.८०. चौघांची सरासरी काढा: ०.८०. तक्ता असला तरी ०.८० आणि पुसला तरी ०.८०. चारही नळ्यांचा वायू टर्बाइनमधून घुसळून एक झाल्यावर ज्या सेन्सरपर्यंत पोहोचतो, त्याला या बदलाबद्दल सांगण्यासारखं काही उरतच नाही. ट्यूनरने पुसण्याआधी आणि नंतर वाचन तपासलं हे त्यांच्या काळजीपोटीच. पण त्या तपासणीत या प्रश्नाचं उत्तर सापडणं शक्यच नव्हतं.

चौथ्यावर भार दुहेरी पडतो, हेही ध्यानात घ्यायला हवं. मिश्रण लीनकडे सरकतं ते एक. दुसरं म्हणजे तिथे हवाच जास्त आहे, त्यामुळे दाबही जास्त. ज्या सिलिंडरला थंडावा देणाऱ्या जादा इंधनाची सर्वांत जास्त गरज, त्याच्याच वाट्याला हवेच्या मानाने सर्वांत कमी इंधन येतं.

मग गाडीच्या स्वतःच्या निदानयंत्रणेने कोड का दिला नाही? सिलिंडरांमधल्या मिश्रणाची तफावत ओळखणारी तपासणी आता असते. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या नियमांनी ती २०११ च्या मॉडेलपासून टप्प्याटप्प्याने आणली, आणि पी२१९ए हा कोड पहिल्या बँकेतल्या (सिलिंडरांच्या पहिल्या ओळीतल्या) अशाच तफावतीचा. पण ही तपासणी साधारणपणे स्थिर वेगात, क्लोज्ड लूपमध्ये, म्हणजे सेन्सर पाहून इंधन सतत सुधारलं जात असताना, चालते. पूर्ण रेसला ईसीयू ओपन लूपमध्ये जातं, सेन्सरकडे न पाहता तक्त्यावरून इंधन देतं. आणि या इंजिनातली तफावत फक्त तिथेच डोकं वर काढत होती.

हवा सारखी का वाटली जात नाही

थ्रॉटल एका टोकाला असला की जोरात येणारी हवा पहिल्या रनरच्या (प्लेनममधून सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीच्या) तोंडावरून सरळ पुढे निघून जाते, वळून आत शिरायला तिला वाव मिळत नाही. दुसऱ्या टोकाच्या भिंतीशी ती अडते, वेग मोडतो आणि त्याचा दाब होतो. चौथ्या रनरचं तोंड नेमकं तिथे. प्रवाह कमी असताना हा परिणाम नगण्य, प्रवाह वाढेल तसा तो वाढतो.

कंपनीच्या तक्त्यात नेमकं हेच दिसत होतं. कमी लोडच्या सगळ्या खान्यांत शून्य, आणि आकडे मोठे होत गेलेले ते वरच्या उजव्या कोपऱ्याकडे, जिथे आरपीएम आणि लोड दोन्ही जास्त. विसरून राहिलेला किंवा अंदाजाने भरलेला तक्ता भौतिकशास्त्राच्या इतका जवळून चालत नाही. कुणीतरी इंजिन टेस्ट बेडवर चढवून, प्रत्येक पोर्टमध्ये सेन्सर लावून, कदाचित सिलिंडरच्या आतला दाबही मोजून हे आकडे काढले असणार.

यावरून 'टोकाच्या सिलिंडरला नेहमी जास्त हवा' असा नियम मात्र कुणी पाठ करू नये. प्लेनमचा निमुळतेपणा, रनरच्या तोंडाची गोलाई, थ्रॉटलमागचं वळण यांवर सगळं अवलंबून असतं. काही इंजिनांत टोकाचा सिलिंडर उपाशीही राहतो. त्यातच रनरमधल्या दाबाच्या लहरी आरपीएमनुसार कधी मदत करतात, कधी आडव्या येतात. म्हणून तर असे तक्ते आरपीएम आणि लोड दोन्हीवर बेतलेले असतात.

तपास

आधी यांत्रिक बाजू. कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन (सिलिंडरमधून दाब किती गळतो ती तपासणी) दोन्हीत चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ निघाले. हे आधी केल्याशिवाय इंधनाच्या तक्त्याबद्दल बोलण्यात अर्थ नाही. गळक्या व्हॉल्व्हला टक्केवारीने दुरुस्त करता येत नाही.

मग इंजेक्टर. बेंचवर चौघांचा प्रवाह जवळपास सारखा होता, पण बेंचवरचं सारखेपण इंजिनात टिकतंच असं नाही. म्हणून पहिल्या आणि चौथ्याचे इंजेक्टर आपसात बदलले. दोष इंजेक्टरचा असेल तर तो इंजेक्टरसोबत पहिल्या सिलिंडरकडे जाईल, सिलिंडरचा असेल तर चौथ्यातच राहील. तो चौथ्यातच राहिला. अदलाबदलीसारखा स्वस्त आणि नेमका पुरावा दुसरा नाही, तरी घाईत तोच गाळला जातो.

इथे एक फरक स्पष्ट करतो, कारण त्यावरून पुष्कळ गोंधळ होतो. अशा तक्त्यात बसतं ते त्या मॉडेलच्या प्रत्येक इंजिनाला लागू असणारं: प्लेनमचा आकार, रनरची लांबी, एक्झॉस्टची रचना. एखाद्या इंजेक्टरचा वैयक्तिक कमीजास्तपणा त्यात बसू शकत नाही, कारण कुठला इंजेक्टर कुठल्या गाडीत जाईल हे तक्ता बनवणाऱ्याला माहीत नसतं. कॉमन रेल डिझेलमध्ये ती अडचण वेगळ्या वाटेने सोडवली आहे. तिथे अनेक इंजेक्टरांवर मोजमापाचा कोड छापलेला असतो आणि इंजेक्टर बदलला की तो स्कॅनरने ईसीयूमध्ये भरावा लागतो. डिझेलवर काम केलेल्यांना पेट्रोलचा हा तक्ताही तसलाच काहीतरी वाटतो आणि 'इंजेक्टर नवे घातले, आता शून्य करा' असं ते सुचवतात. दोन्हींचा काही संबंध नाही.

पुढे एक्झॉस्टचं तापमान. प्रत्येक नळीत के-टाइप थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारा सेन्सर, बसवलं. चौथा सर्वांत गरम निघाला आणि 'लीन आहे म्हणून गरम' असा निष्कर्ष सगळ्यांच्या ओठांवर आला. पण त्याच सिलिंडरचं इग्निशन नॉक कंट्रोलने मागे ओढलेलं होतं, आणि इग्निशन मागे गेलं की ज्वलन उशिरा संपतं, उष्णता एक्झॉस्टमध्ये जाते. म्हणजे तापमान वाढायला दोन कारणं आणि हातात एकच आकडा. शिवाय तापमान साधारण लॅम्डा १ च्या आसपास सर्वोच्च असतं आणि दोन्ही बाजूंना उतरतं. रिच बाजूला असलो तरच लीनकडे जाणं म्हणजे गरम होणं. तेव्हा जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरलं, नॉक थांबला, चौघांचं इग्निशन सारखं झालं, आणि मग पुन्हा मोजलं. चौथ्याचा फरक कमी झाला, पण गेला नाही. जो उरला तो मिश्रणाचा.

शेवटी सरळ मोजमाप: चारही नळ्यांत वाइडबँड. टर्बोच्या आधी सेन्सर लावण्यात दोन अडचणी आहेत. एक उष्णता. बॉशचा एलएसयू ४.९ सतत सोसू शकतो ते सुमारे ९३० अंश सेल्सिअस, म्हणून प्रत्येक खेप आखूड ठेवावी लागते. दुसरी अडचण अधिक घातक, कारण ती दिसत नाही. तिथे एक्झॉस्टचा दाब जास्त असतो आणि दाबाखाली हा सेन्सर अतिशयोक्ती करतो, रिच असेल ते आणखी रिच दाखवतो. त्यामुळे या चार आकड्यांकडे फक्त एकमेकांच्या तुलनेत पाहायचं, खरी पातळी डाउनपाइपच्या सेन्सरवरून घ्यायची. सेन्सरांमधला आपसातला फरक मोजमापात घुसू नये म्हणून त्यांच्या जागा बदलून खेपा पुन्हा केल्या.

तक्ता शून्य असताना वरच्या आरपीएमला दाबाचा हिशेब वजा जाता चित्र कागदावरच्या गणिताशी जुळलं: साधारण ०.७८, ०.७९, ०.८०, ०.८३. कंपनीचे आकडे परत घातले आणि चौघे ०.८० भोवती एकत्र आले. नेहमीच्या पेट्रोलवर चौथ्याचं इग्निशन मागे ओढलं जाणं जवळपास थांबलं.

मधला पट्टा

इथे थांबलो असतो तर 'कंपनीचं खरं, ट्यूनरचं खोटं' एवढंच हाती लागलं असतं. पण ३५०० ते ४५०० आरपीएमच्या पट्ट्यात कंपनीच्या तक्त्याचं रूप वेगळं होतं. तिथे पहिल्या आणि चौथ्याला अधिक दोन, दुसऱ्या आणि तिसऱ्याला उणे दोन. बेरीज पुन्हा शून्य, पण घडण निराळी. टोकाच्या थ्रॉटलने ही घडण होत नाही.

आणि मोजल्यावर या पट्ट्यात उलटंच निघालं. शून्य तक्त्यावर चौघे जवळपास सारखे, कंपनीचे आकडे घातले की दुसरा आणि तिसरा लीनकडे जाऊन ०.८१६ च्या आसपास, पहिला आणि चौथा ०.७८४ च्या. म्हणजे या पट्ट्यापुरतं तक्ता पुसणंच बरोबर ठरत होतं.

कारण एक्झॉस्टमध्ये आहे, आणि या प्रकरणातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हाच. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. एखादा सिलिंडर एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी असतो, त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर उघडे असतात, नेमक्या तेव्हा क्रमाने पुढचा सिलिंडर आपला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडून दाबाचा मोठा ठोका मॅनिफोल्डमध्ये सोडतो. पहिल्याच्या वेळी तिसरा सोडतो, तिसऱ्याच्या वेळी चौथा, चौथ्याच्या वेळी दुसरा, दुसऱ्याच्या वेळी पहिला. आता आखूड ओतीव मॅनिफोल्डमधलं अंतर पाहा. पहिला आणि तिसरा शेजारी नाहीत, चौथा आणि दुसराही नाहीत. पण तिसऱ्याला ठोका बसतो तो लागून असलेल्या चौथ्याचा, दुसऱ्याला लागून असलेल्या पहिल्याचा. मधल्या दोघांत जळलेला वायू जास्त मागे राहतो, ताजी हवा तितकी कमी शिरते. कंपनीने त्यांचं इंधन दोन टक्क्यांनी कमी केलं ते म्हणून.

मालकांनी ओतीव मॅनिफोल्ड काढून समान लांबीच्या लांब नळ्या बसवल्या तेव्हा चौघांना बसणारा ठोका जवळपास सारखा झाला. ज्या असमानतेवर ते दोन टक्के उतारा होते ती गेली, उतारा फाइलमध्येच राहिला असता. इनटेकला कुणी हात लावला नव्हता, म्हणून वरच्या पट्ट्यातले आकडे अजूनही लागू होते. एकाच तक्त्यात दोन वेगळ्या भागांची मोजमापं एकमेकांशेजारी बसलेली होती आणि गाडीत त्यांतला एकच भाग बदलला होता. 'ठेवायचा की पुसायचा' हा प्रश्नच चुकीचा विचारला जात होता.

काय केलं

वरच्या पट्ट्यात कंपनीचे आकडे, मधल्या पट्ट्यात शून्याजवळचे नव्याने मोजलेले, खाली शून्य. ४५०० ते ५५०० मध्ये आकडे हळूहळू चढवले, नाहीतर एका खान्यातून दुसऱ्यात जाताना इंधनाला पायरी बसते. प्रत्येक ओळीची बेरीज शून्य राहील याकडे लक्ष ठेवलं, म्हणजे मूळ इंधन-मॅपला हात लावावा लागला नाही. प्लग नवे घालून पुन्हा वापरानंतर तपासले, ठिपके नव्हते.

ही टक्केवारी ईसीयू नक्की कशाला लावतं, हेही एकदा पाहून घेतलं. इंजेक्टरला उघडायला वेळ लागतो, त्या डेड टाइममध्ये इंधन पडत नाही. समजा डेड टाइम एक मिलिसेकंद आहे. एकूण पल्स, म्हणजे इंजेक्टर उघडण्याचा हुकूम, दहा मिलिसेकंदांची असताना चार टक्के पूर्ण पल्सला लावले तर प्रत्यक्ष इंधन साधारण साडेचार टक्के वाढतं. पल्स दोन मिलिसेकंदांची असेल तर तेच चार टक्के इंधनावर आठ टक्के होतात. या ईसीयूमध्ये गुणाकार डेड टाइम मिळवण्याआधी होत होता, म्हणून प्रश्न आला नाही. ज्यात तसं नसेल तिथे कमी लोडला असे आकडे ठेवणं धोक्याचं.

ट्यूनरने मध्यंतरी एक सोपा मार्ग सुचवला होता: सगळ्यांचंच मिश्रण ०.७६ पर्यंत रिच करू, म्हणजे चौथाही सुरक्षित होईल. हिशेब करून पाहिला तर चौथा ०.७९ वर येतो, ते ठीक. पण पहिला ०.७३७ वर जातो. तिथे ताकद कमी होते, काजळी धरते आणि न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन नेतं. घरात एक आजारी म्हणून चौघांना औषध पाजण्यासारखं ते झालं असतं. हा मुद्दा आकड्यांसह मांडल्यावर त्यांनी लगेच मान्य केला, आणि मधल्या पट्ट्याची मोजमापं पुढे त्यांनीच पूर्ण केली.

नव्या फाइलच्या नोंदीत आता लिहिलं आहे: वरचा पट्टा कंपनीच्या प्लेनमसाठी, मधला समान लांबीच्या एक्झॉस्टसाठी. मालकांच्या मनात पुढे मोठा थ्रॉटल आणि वेगळी प्लेनम बसवायचं आहे. ते झालं की वरच्या पट्ट्यातले उणे तीन आणि अधिक चार ज्या पेटीत मोजले होते ती पेटीच गाडीत नसेल, तेव्हा नव्याने मोजावं लागेल, म्हणून नळ्यांतले सेन्सरचे बंग (सेन्सर बसवायची आट्यांची तोंडं) तसेच बूच लावून ठेवले आहेत. मधला पट्टाही त्याच खेपांत एकदा पडताळून घ्यायचा, कारण रनरची लांबी बदलली तर लहरींचा आरपीएमही सरकतो.